फॉर्मवर बाबांचं इंग्रजी कितपत येतं म्हणून लिहू?

ओसरी (एडिसन, न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी. प्रश्न दिसायला साधा आहे, पण त्यावरून आमच्या घरात दोन दिवस अबोला झाला, म्हणून इथे विचारते आहे.

गेल्या आठवड्यात अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेचं पाकीट आलं. जनगणना खात्याचंच काम, पण ही दहा वर्षांनी होणारी शिरगणती नव्हे. हा सर्व्हे दर वर्षी देशभरातल्या सुमारे ३५ लाख पत्त्यांवर जातो, यंदा आमचं घर निघालं. त्यात पाच वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकासाठी भाषेचे प्रश्न आहेत. घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलता का? कोणती? आणि इंग्रजी कितपत बोलता येतं? पुढे चार चौकोन: 'व्हेरी वेल', 'वेल', 'नॉट वेल', 'नॉट ॲट ऑल'.

घरात आम्ही सहा जण. आम्ही दोघं, मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा, आणि सासू-सासरे. सासऱ्यांना सगळे बाबाच म्हणतो. वय ७४. एसटीच्या हिशेब खात्यात सगळी नोकरी झाली. रोज सकाळी चहाबरोबर इंग्रजी पेपर वाचतात, शब्दकोडं पेनानं सोडवतात. मुलीला 'डेबिट' आणि 'क्रेडिट' त्यांनीच शिकवलं. नवरा फॉर्म भरत होता तेव्हा मी सहज म्हटलं, "बाबांचं 'नॉट वेल' कर." बाबा तिथेच बसले होते. काही बोलले नाहीत. पेपरची घडी घातली, चष्मा खिशात टाकला आणि खोलीत गेले. रात्री जेवायला आले, तेही ताटाकडे बघतच जेवले.

मी तसं का म्हटलं ते सांगते. मागच्या हिवाळ्यात रात्री त्यांना अस्वस्थ वाटायला लागलं म्हणून इमर्जन्सीत नेलं. मी गाडी लावून आत जाईपर्यंत नर्सनं प्रश्न विचारून घेतले होते. बाबांनी प्रत्येक प्रश्नाला "येस" म्हटलं होतं. कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का, यालाही येस. कोणत्या, तर त्याचं उत्तर नाही. मी पोचून सगळं परत सांगेपर्यंत एक औषध थांबवून ठेवलं होतं. पुढे सगळं ठीक झालं. पण त्या दहा मिनिटांत बाबांचा चेहरा कसा झाला होता ते मी विसरू शकत नाही. बोलणं भरभर, तोंडाला मास्क, उच्चार वेगळे, आणि हा माणूस "मला समजलं नाही" असं म्हणायला तयार नाही.

तर काय लिहायचं? खरं लिहिलं तर त्यांचा अपमान होतो. 'व्हेरी वेल' लिहिलं तर ती रात्र डोळ्यांसमोर येते. आणि मुलाचाही प्रश्न आहे. त्याला शाळेत घातलं तेव्हाही घरच्या भाषेचा असाच कागद भरायचा होता. एका मैत्रिणीनं सांगितलं की फक्त इंग्रजी लिही, नाहीतर त्याला वेगळ्या वर्गात बसवतील. मी मराठी लिहिलं. बरोबर केलं ना?

---

पारिजात

ओसरी, मी सरळ 'व्हेरी वेल' लिहिलं असतं. आपले आईवडील ग्रॅज्युएट आहेत, आयुष्यभर इंग्रजीत फायली लिहिल्यात. त्यांना 'नॉट वेल' ठरवणारे आपण कोण? शिवाय आत्ताच्या वातावरणात सरकारी कागदावर "या घरात इंग्रजी येत नाही" असं कशाला लिहून द्यायचं? मला भीती वाटते, खरंच वाटते. आमच्या घरी सासूबाईंच्या रकान्यातही मी तेच लिहिलं.

---

आकडेमोड

पारिजात, भीती समजते. पण एक गोष्ट आधी सांगतो. या फॉर्मवरची वैयक्तिक उत्तरं दुसऱ्या कुठल्याही खात्याला देता येत नाहीत, टायटल १३ म्हणून जो कायदा आहे तो ते रोखतो. बाहेर येतात त्या फक्त बेरजा.

आता त्या बेरजा कशा करतात ते बघा, कारण ओसरींच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. हा तीन भागांचा प्रश्न १९८० पासून विचारतात. आधी तो दहा वर्षांच्या जनगणनेच्या लांब फॉर्मवर होता, २००५ पासून या सर्व्हेत आला. १९८० मध्ये घरी दुसरी भाषा बोलणारे २ कोटी ३१ लाख होते, २०१९ मध्ये जवळजवळ ६ कोटी ८० लाख. म्हणजे पाचात एक माणूस. न्यू जर्सीत हे प्रमाण तीनात एकाच्या आसपास जातं, आणि तुमच्या एडिसनमध्ये निम्म्याहून जास्त लोक घरी दुसरी भाषा बोलतात.

चौकोन चार असले तरी पुढच्या बहुतेक कामांसाठी कप्पे दोनच पडतात. एकीकडे 'व्हेरी वेल', दुसरीकडे बाकी तिन्ही. 'वेल'सुद्धा दुसऱ्या कप्प्यातच जातं. इंग्रजीत मदत लागू शकेल अशी माणसं मोजायची तर तो दुसरा कप्पा मोजतात. चौदा किंवा त्याहून जास्त वयाचं एकही माणूस 'व्हेरी वेल' किंवा फक्त इंग्रजी बोलणारं नसेल, तर ते अख्खं घर मर्यादित इंग्रजीचं घर धरतात. पूर्वी त्याला 'भाषिकदृष्ट्या एकाकी' घर म्हणायचे, तो शब्द आता काढून टाकलाय.

मतदानाचंही सांगतो. व्होटिंग राइट्स ॲक्टचं कलम २०३ आहे. एखाद्या काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) एका भाषिक गटातले, इंग्रजी पुरेसं न येणारे, मतदानाच्या वयाचे नागरिक १०,००० च्या वर किंवा ५ टक्क्यांच्या वर गेले, आणि त्यांच्यातलं निरक्षरतेचं प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा जास्त असेल, तर त्या भाषेत मतपत्रिका आणि मदत द्यावी लागते. दर पाच वर्षांनी हे याच सर्व्हेवरून ठरतं. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या काही मतदान केंद्रांवर बंगाली मतपत्रिका आल्या त्या अशाच. तिथल्या घरांनी आपापल्या आजी-आजोबांच्या रकान्यात 'व्हेरी वेल' लिहून टाकलं असतं, तर त्या आल्या नसत्या.

---

ओसरी

आकडेमोड, 'वेल'सुद्धा त्याच कप्प्यात जातं हे मला माहीत नव्हतं. धन्यवाद. भाषेच्या जागी 'मराठी' लिहायचं ना? नवरा म्हणत होता 'हिंदी' लिहू, मराठी त्यांना कळणार नाही.

---

आकडेमोड

मराठीच लिहा. तो रकाना मोकळा असतो, यादीतून निवडायचं नसतं. लोकांनी असं लिहिलेल्या साडेतीनशेच्या वर भाषा त्यांच्या नोंदीत आहेत, त्यात मराठी आहेच. 'इंडियन' असं तर अजिबात लिहू नका, ते कुठल्याच भाषेच्या खात्यात जमा होत नाही.

एक खंत मात्र आहे. २०१६ पासून जे नेहमीचे तक्ते छापतात, त्यात हिंदी, गुजराती, उर्दू, पंजाबी, बंगाली, तेलुगू, तमिळ यांना स्वतंत्र ओळ आहे. मराठीची ओळ "नेपाळी, मराठी किंवा इतर इंडिक भाषा" अशी एकत्र आहे. गावातल्या ग्रंथालयानं तक्ता उघडला तर तिथे मराठी किती हे दिसतच नाही, नेपाळी आणि कोकणीबरोबर मिसळलेला एकच आकडा दिसतो. त्यातून एखाद्या घरानं 'हिंदी' लिहिलं की ते त्या ओळीतूनही गेलं. आपली माणसं मोजली जावीत असं वाटत असेल तर निदान मोजणाऱ्याला खरं नाव सांगायला हवं.

---

गोदाकाठ (शिकागोजवळ)

मी गेली काही वर्षं फोनवरून आणि व्हिडिओवरून दुभाषाचं काम करते आहे. मराठी आणि हिंदी, जवळजवळ सगळं काम दवाखान्यांचं. नवऱ्यानं 'हिंदी' लिहू म्हटलं हे वाचून राहवलं नाही.

एक प्रसंग, ओळख पटणार नाही असा सांगते. सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेल्या आजी. मुलानं नोंदवताना भाषा 'हिंदी' सांगितली होती, कारण हिंदीचा दुभाषी लगेच मिळतो. दुसऱ्या एका दुभाषी बाईंनी हिंदीतून विचारलं, "पीठ में दर्द है?" आजींना पीठ म्हणजे डब्यातलं पीठ. त्या म्हणाल्या, "न्हाई बाई, पीठ चांगलं हाय, भाकरी खाल्ली म्या." पाठ दुखत होती, चार दिवस दुखत होती. पण उत्तर 'नाही' असं नोंदवलं गेलं. दुसऱ्या दिवशी मला जोडलं तेव्हा मी नुसतं "आजी, पाठीत काही होतंय का?" म्हटलं, आणि त्यांनी डोळे पुसले. "पाठीत कळ निघतिया गं, कवाधरनं सांगतिया."

असे शब्द पुष्कळ आहेत. "दम लागतोय" म्हणजे धाप लागते आहे. हिंदीचा माणूस तो शब्द दम्याकडे तरी नेतो नाहीतर सोडून देतो. कणकण, मळमळ, गरगर, मुंग्या, पोटात ढवळणं, "गळून गेल्यासारखं वाटतंय". यातल्या एकेका शब्दाला इंग्रजीत वेगळी जागा आहे, आणि डॉक्टर त्या जागेवरून तपासणी ठरवतात. गरगरणं आणि मळमळणं यांची अदलाबदल झाली तर तपासणी दुसरीकडेच जाते.

ओसरी, तुमच्या बाबांच्या "येस"बद्दल सांगते. असा "येस" मी रोज ऐकते. शिकलेल्या माणसांकडून जास्त ऐकते. साहेबासमोर "समजलं नाही" म्हणायचं नाही अशी एका पिढीची सवय आहे, ती इंग्रजीच्या परीक्षेत नापास झाल्यामुळे आलेली नाही. म्हणून मी प्रत्येक वाक्यानंतर "काका, तुम्हाला काय समजलं ते मला सांगा" असं विचारून घेते. 'हो' हे उत्तरच मी घेत नाही.

आणि हक्काचं बोलायचं तर: १ मार्च २०२५ ला इंग्रजी ही देशाची अधिकृत भाषा ठरवणारा आदेश निघाला, आणि भाषासाहाय्याबद्दलचा २००० सालचा जुना आदेश रद्द झाला. तेव्हापासून लोकांना वाटतं की आता दुभाषी मागता येत नाही. तसं नाही. १९६४ च्या सिव्हिल राइट्स ॲक्टचं सहावं प्रकरण आणि २०१० च्या आरोग्य कायद्याचं कलम १५५७ हे कायदे आहेत, ते आदेशानं पुसले जात नाहीत. ज्या दवाखान्यांना केंद्र सरकारचे पैसे मिळतात, त्यांनी पेशंटला फुकट दुभाषी द्यायचा असतो. घरच्या लहान मुलाला मध्ये घालून भाषांतर करून घेणं अगदी जीवावरची घाई असल्याशिवाय चालत नाही. वेळ ठरवायला फोन कराल तेव्हाच सांगायचं: "पेशंटला मराठी दुभाषी हवा." 'हिंदी चालेल का' विचारलं तर म्हणायचं, "मराठी." थोडं थांबावं लागतं, पण मिळतो.

---

पारिजात

गोदाकाठ, वाचून आत काहीतरी हललं. माझ्या सासूबाई बारामतीच्या. इथे प्रत्येक अपॉइंटमेंटला माझी अकरा वर्षांची मुलगी भाषांतर करते, आणि आम्हाला तिचं कौतुक वाटत होतं. मागच्या वेळी सासूबाईंनी बायकांच्या तपासणीबद्दल काहीतरी सांगायचं टाळलं, ते का टाळलं ते आत्ता समजतंय. नातीसमोर कशा सांगणार?

---

फळा_खडू (न्यू जर्सी, शाळेत ई.एस.एल. म्हणजे इंग्रजी नवीन असलेल्या मुलांना इंग्रजी शिकवते)

ओसरीताई, मुलाच्या कागदावर मराठी लिहिलंत ते अगदी बरोबर केलंत. हा गैरसमज इतका पसरलाय की दर सप्टेंबरला माझ्याकडे तीच कहाणी येते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घरची भाषा मराठी लिहिली म्हणून मूल आपोआप वेगळ्या वर्गात जात नाही. तो कागद फक्त पहिली चाळणी आहे. त्यावरून वाटलं तर मुलाशी बोलून बघतात, मग गरज असेल तर 'विडा' नावाची इंग्रजीची छोटी परीक्षा घेतात. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं, असे चार भाग. पातळ्या एक ते सहा, आपल्या राज्यात ४.५ ला पुरेसं धरतात. घरी मराठी आणि पाळणाघरात इंग्रजी अशी वाढलेली बरीच मुलं पहिल्याच दिवशी हे पार करतात, आणि विषय तिथे संपतो. पार झालं नाही, तर शाळेनं वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांत पालकांना कळवायचं असतं, आणि पालक तो कार्यक्रम नाकारूही शकतात. कुणी जबरदस्तीनं बसवत नाही.

आता उलट बाजू. फक्त इंग्रजी लिहून दिलेली मुलं माझ्याकडे जानेवारीत येतात. वर्गात गप्प बसतात. शिक्षिकेला वाटतं मूल लाजाळू आहे, किंवा ऐकू कमी येतंय, किंवा शिकण्यातच काही अडचण आहे. एका मुलाला तर भाषेच्या अडचणीऐवजी बोलण्याच्या दोषाची तपासणी करायला पाठवलं होतं. मी त्याच्याशी मराठीत बोलले तर त्यानं त्याच्या आजोळच्या म्हशीचं वर्णन न थांबता पाच मिनिटं केलं. शिंगं कशी, गोठा कुठे, मामा धार कशी काढतो. मुलात काही कमी नव्हतं. कागदावर एक ओळ खोटी होती, तेवढ्यानं चार महिने गेले.

हे सगळं १९७४ च्या एका निकालावर उभं आहे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्या पालकांनी खटला भरला होता, लाऊ विरुद्ध निकोल्स. समजतच नाही अशा भाषेत सगळ्यांसारखी पुस्तकं आणि सगळ्यांसारखे शिक्षक दिले म्हणून समान वागणूक झाली असं होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं. आपण 'मराठी' लिहितो तेव्हा त्या पालकांनी मिळवून दिलेलं वापरतो.

अजून एक. बारावीपर्यंत मराठी टिकवली तर डिप्लोमावर 'सील ऑफ बायलिटरसी' मिळते. आपल्या राज्यात २०१६ पासून तसा कायदा आहे, आणि मराठीचीही परीक्षा देता येते. लिहायला-वाचायला यायला हवं मात्र, नुसतं बोलून भागत नाही. रविवारची मराठी शाळा सातवीत सोडू नका एवढंच सांगते.

---

खान्देशी_माणूस (डॅलस)

माझा प्रश्न वेगळा आहे. आमच्या घरी माय आणि मी अहिराणी बोलतो. बायको विदर्भातली, ती आणि मुलं मराठी. रकाना एकच. काय लिहू?

मी गेल्या वेळी मराठी लिहिलं आणि मायला सांगितलं. ती म्हणाली, "मंग मी काय बोलस?" त्या एका वाक्यानं फार लागलं. भारताच्या २०११ च्या जनगणनेत १६ लाखांहून जास्त लोकांनी मातृभाषा अहिराणी सांगितली. ती मराठीत धरलेली नाही, खान्देशी या नावाखाली वेगळी मोजली. म्हणजे तिथे माझ्या मायला स्वतःचा रकाना होता आणि इथे मी तो घालवला.

---

आकडेमोड

प्रत्येक माणसाला स्वतंत्र रकाना आहे, घराला एक नाही. आईंच्या ओळीत अहिराणी लिहा, मुलांच्या ओळीत मराठी. छापलेल्या तक्त्यात ती कदाचित मोठ्या गटातच दिसेल, पण मूळ नोंद खरी राहील.

---

खान्देशी_माणूस

घराला एक नाही हे लक्षातच आलं नव्हतं. पुढच्या वेळी मायच्या ओळीत अहिराणी. आज तिला फोन करून सांगतो.

---

टेम्सकाठी (स्लाव)

इंग्लंडचं जरा वेगळं आहे, थोडक्यात सांगते. इथे २०११ पासून "तुमची मुख्य भाषा कोणती" असं विचारतात. पहिलाच चौकोन इंग्रजीचा. त्यावर खूण केली की पुढचा, इंग्रजी कितपत येतं हा प्रश्न तुम्हाला विचारतच नाहीत. ऑफिसात दिवसभर इंग्रजी, म्हणून मी २०२१ मध्ये इंग्रजीवर खूण केली. २०२१ ला इथल्या ९१ टक्के लोकांची मुख्य भाषा इंग्रजी किंवा वेल्श निघाली, त्या ९१ मध्ये मी आहे. रात्री देवापुढे दिवा लावताना शुभंकरोति म्हणणारी, मुलांना मराठीत रागावणारी मी त्या हिशेबात नाही. 'घरी काय बोलता' हा अमेरिकेतला प्रश्न मला जास्त माणुसकीचा वाटतो. तुम्हाला तो विचारला जातोय, तर नीट उत्तर द्या.

---

सह्यकडा (मेलबर्न)

आमच्याकडेही घरच्या भाषेचाच प्रश्न आहे आणि तेच चार चौकोन आहेत. २०२१ मध्ये 'बोलता' ऐवजी 'वापरता' असा शब्द केला, खुणांची भाषा वापरणाऱ्यांचाही विचार करून. दुभाषाची सरकारी फोनसेवा १९७३ पासून आहे.

पण मला सांगायचंय ते दुसरंच. इथे कायम राहण्याच्या व्हिसासाठी गुण मोजतात, आणि समाजभाषेची एक परीक्षा पास झालात तर पाच गुण वाढतात. मराठीतही ती घेतात. दोन संवाद असतात, एक माणूस इंग्रजीत बोलतो, एक मराठीत, आणि मधला दुभाषी म्हणजे तुम्ही. ९० पैकी ६३ गुण लागतात. मला वाटलं मराठी तर आपलीच, त्यात काय. सरावाला बसलो आणि पहिल्याच संवादात अडकलो. 'लेखी करार', 'अनामत रक्कम', 'पोटगी', 'रक्तातील साखर', एकही शब्द वेळेवर तोंडात येईना. इंजिनियरिंग इंग्रजीत, नोकरी इंग्रजीत, मराठी फक्त आईशी आणि मित्रांशी. शेवटी आईला रोज रात्री फोन लावून सराव केला. ती बँकेत होती, तिला सगळे शब्द यायचे. ती म्हणाली, "अरे, ही तर आमच्या काउंटरवरची भाषा."

बाबांच्या इंग्रजीची चर्चा वाचताना सारखं वाटत होतं की माझ्या मराठीसाठी असे चार चौकोन असते तर मी कशावर खूण केली असती. 'वेल'. त्यापुढे नाही.

---

निवृत्त_मास्तर (कराड)

मी ७८ वर्षांचा आहे. दोन वेळा मुलाकडे सहा-सहा महिने राहून आलो. ओसरी, तुमच्या सासऱ्यांच्या बाजूनं दोन शब्द लिहितो.

आमच्या पिढीचं इंग्रजी शाळेतलं. शिकलो ते व्याकरण. रेन आणि मार्टिनचं पुस्तक पाठ. ॲक्टिव्हचं पॅसिव्ह झोपेत करून देऊ. अर्ज, तक्रार, स्मरणपत्र, सगळं लिहिलं. पण बोललो कुणाशी? साहेबही मराठीच. ज्या भाषेत एका माणसाशीही कधी भांडलो नाही, ती भाषा कानाला कशी सरावणार? मुलाच्या गावी दुकानात काउंटरवरची मुलगी काही विचारायची, मला एक अक्षर समजायचं नाही. तिनं तेच कागदावर लिहून दिलं असतं तर मी त्यातली चूकही दाखवली असती.

तो फॉर्म बोलण्याबद्दल विचारतो, वाचण्याबद्दल नाही. हे त्यांना तुम्ही सांगितलं का? मला वाटतं नसावं. "तुमचं इंग्रजी चांगलं नाही" असं त्यांना ऐकू गेलं असणार. चाळीस वर्षांची इंग्रजीतली खतावणी एका खुणेनं खोडल्यासारखं वाटलं असेल. त्यांना फॉर्म हातात द्या. प्रश्न त्यांना वाचू द्या, आणि खूणही त्यांनाच करू द्या. हिशेबाचा माणूस आहे, आकडा खोटा लिहिणार नाही.

---

ओसरी

मास्तर, नमस्कार करते. तुम्ही म्हणालात तसंच केलं. नवऱ्याला बाजूला बसवलं, लॅपटॉप बाबांपुढे ठेवला आणि म्हटलं, "बाबा, माझं चुकलं. हा रकाना तुमचा आहे, तुम्हीच भरा."

त्यांनी प्रश्न दोनदा वाचला. "स्पीक म्हटलंय," म्हणाले. "रीड नाही म्हटलेलं." मी म्हटलं, हो. थोडा वेळ बसले. मग त्यांनी स्वतःहून त्या रात्रीचं काढलं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा. म्हणाले, नर्स बोलत होती ते रेडिओ नीट न लागल्यासारखं येत होतं, मधलेच शब्द पकडता येत होते. ॲलर्जीच्या प्रश्नात 'मेडिकेशन' तेवढं कळलं, वाटलं औषधं घेता का विचारतेय, म्हणून येस म्हटलं. "परत विचारायला हवं होतं," म्हणाले. मी म्हटलं, मी आधी आत यायला हवं होतं.

मग त्यांनी 'वेल'वर खूण केली. आकडेमोडांनी लिहिलेले दोन कप्पे मी वाचून दाखवले होते, त्यामुळे त्यांना हे चालणारं होतं. आईंना विचारून त्यांचं 'नॉट वेल'. आई म्हणाल्या, "त्यात काय, येत नाही ते येत नाही. मला कन्नड येतं ते विचारलं का त्यांनी?" आईंचं माहेर अथणीजवळचं, हे मुलांना त्या दिवशी कळलं. भाषा दोघांचीही मराठी. मुलाच्या ओळीपाशी मी अडखळले. आम्ही मराठीत बोलतो, तो उत्तर इंग्रजीत देतो. बाबांनी त्याला हाक मारली आणि विचारलं, "घरात मराठी कुणाशी बोलतोस?" तो म्हणाला, "आजीशी. आजीला इंग्लिश येत नाही." तेवढ्यावर 'हो' लिहिलं. आता आईंनी त्याच्याशी इंग्रजीचा एक शब्दही बोलायचा नाही असं आमचं ठरलंय.

पारिजात, तुझ्या सासूबाईंसाठी फोन करायचा असेल तर सांग, मी काय बोलले ते तुला लिहून पाठवते. गुरुवारी बाबांना हृदयाच्या डॉक्टरांकडे न्यायचं आहे. मी फोन केला. पलीकडून "हिंदी?" असंच विचारलं. मी "मराठी" म्हटलं, त्यांनी स्पेलिंग विचारलं, मी सांगितलं. फोनवर दुभाषी जोडून देतील. बाबांनी वहीचं एक पान आत्ताच तयार केलंय, समास आखून. जिना चढताना दम लागतो, दुसऱ्या मजल्यापाशी. डाव्या खांद्यात कळ, आठवड्यातून दोनदा. ॲलर्जी नाही. 'नाही'च्या खाली दोन रेघा ओढल्यात.